सदुसष्ट नंबरचा खांब

१२ जुलै २००९, रविवार. पहाटे पाचच्या सुमारास दक्षिण दिल्लीत लेडी श्रीराम कॉलेजजवळ, जमरूदपूर इथे, मेट्रोच्या बांधकामाधीन पुलाचा एक खांब माथ्यापाशी मोडला. कागदोपत्री त्याचं नाव होतं पी-६७. माथ्यावर त्या वेळी लाँचिंग गर्डरचा भार होता. पुलाचे आधीच ओतून ठेवलेले काँक्रीटचे तुकडे उचलून हवेतल्या हवेत जोडणारा हा अजस्र लोखंडी सांगाडा. माथा गेला तसा सांगाडा आणि त्याच्या आधाराने राहिलेलं काँक्रीट, सगळंच खाली रस्त्यावर आलं. सहा जण गेले. त्यांत साइटवरचा एक इंजिनिअर होता, बाकीचे कामगार. पंधरा जण जखमी झाले. हेच सोमवारी सकाळी नऊला झालं असतं तर काय, हा विचार त्या रस्त्याची वर्दळ पाहिलेल्या प्रत्येकाच्या मनात त्या दिवशी येऊन गेला असणार.

दुसऱ्या दिवशी पडलेलं सामान हलवायला क्रेन आणल्या. त्यांतली एक उचलता उचलता कलंडली आणि शेजारच्या दोघींना घेऊन पडली. आणखी सहा जण जखमी. आदल्या दिवसापासून टीव्हीचे कॅमेरे तिथे लागलेलेच होते, त्यामुळे हे दृश्य देशभर घराघरांत पोचलं. पहिल्या अपघाताला निदान अंधाराचा आडोसा होता.

जमरूदपूर हे दिल्लीने पोटात घेतलेल्या जुन्या गावांपैकी एक. एका बाजूला ग्रेटर कैलासचे बंगले, दुसरीकडे गल्लीबोळांत भाड्याच्या खोल्या, आणि त्या गर्दीत लोदी काळातली घुमटदार थडगी घरांच्या भिंतींना खेटून उभी. पाचशे वर्षांची. अपघातानंतर ‘जुनी बांधकामं बघा, अजून उभी आहेत’ असा सूर लागायला असा शेजार पुरेसा असतो. पण तो सूर फसवा आहे. जे पडलं ते आपल्याला दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. खुद्द कुतुबमिनाराचा वरचा भाग १३६८ मध्ये विजेने फोडला आणि फिरोजशहा तुघलकाला तो नव्याने बांधावा लागला. १ सप्टेंबर १८०३ च्या भूकंपात त्याच्या डोक्यावरची छत्री कोसळली.  कुतुबच्या दुप्पट उंचीचा मनोरा बांधायला निघालेल्या अल्लाउद्दीन खिलजीचा अलाई मिनार तर पहिल्या मजल्यावरच थांबला. त्याचं ओबडधोबड खोड आजही कुतुबच्या आवारात आहे आणि पर्यटक त्याच्याकडे पाठ करून कुतुबचा फोटो काढतात.

पी-६७ ची गोष्ट समजायची तर आधी २००९ ची दिल्ली मेट्रो काय चीज होती ते आठवायला हवं. सरकारी कामं रखडतात, खर्च फुगतो, गुणवत्तेच्या नावाने बोंब असते, हे देशात सर्वमान्य होतं. त्याला ठळक अपवाद म्हणून मेट्रोकडे बोट दाखवलं जाई. १९९५ मध्ये दिल्ली मेट्रो रेल कॉर्पोरेशन स्थापन झालं, १९९७ च्या अखेरीला ई. श्रीधरन यांनी सूत्रं घेतली, १९९८ च्या ऑक्टोबरात काम सुरू झालं आणि २४ डिसेंबर २००२ ला शाहदरा ते तीस हजारी हा पहिला पट्टा पंतप्रधान वाजपेयींच्या हस्ते खुला झाला. लोकांनी इतकी झुंबड उडवली की गाड्या आणि तिकीटयंत्रणा दोन्ही थकल्या. पहिल्या टप्प्याचे ६५ किलोमीटर मुदतीच्या कितीतरी आधी पुरे झाले. कार्यालयांत, साइटवर उलटी घड्याळं टांगलेली असत: उद्घाटनाला किती दिवस उरले ते दाखवणारी.

ही उलटी घड्याळं मराठी माणसाला नवी नव्हती. श्रीधरन यांनी ती कोकण रेल्वेच्या वेळीच वापरली होती. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, मधू दंडवते अर्थमंत्री, आणि १९९० मध्ये स्थापन झालेल्या महामंडळाचे प्रमुख श्रीधरन. रोह्यापासून मंगळुरूपर्यंत साडेसातशे किलोमीटरच्या आसपासचा मार्ग, नव्वदहून जास्त बोगदे, सुमारे दोन हजार लहानमोठे पूल. २६ जानेवारी १९९८ ला सलग गाडी धावू लागली. रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंचीचा. तो एका टोकाला बांधत बांधत पुढे ढकलत नेला. त्याहीपेक्षा बिकट होते चिखलमातीतले बोगदे. गोव्यात पेडण्याच्या बोगद्यात खणलेली माती पुन्हा पुन्हा खाली यायची, माणसं दबायची, पाणी शिरायचं. एका बोगद्याने वर्षानुवर्षं दम काढला.

आता गंमत बघा. म्हणजे गंमत कसली. कोकण रेल्वेवर पहिला मोठा घात कुठे झाला? पानवलच्या पुलावर नाही, करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यातही नाही. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईकडे निघालेली सुट्टीतली खास गाडी रुळांवर आलेल्या दरडीला धडकली आणि पन्नासहून अधिक प्रवासी गेले. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ ला, महाडकडच्या करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस दगडांवर आपटून पुलावरून खाली गेली. दोन्ही वेळी कारण डोंगर कापून काढलेल्या खिंडीचं. बोगद्यांवर इंजिनिअरांचा जीव टांगलेला होता. तिथे रोज कोणीतरी भिंतीला हात लावून बघत होतं. खिंड म्हणजे काय, खणली की झाली. कोकणातल्या पावसात जांभ्याचा आणि मातीचा तिरका कडा किती वर्षं तसाच राहील, हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता असं नाही, पण तो शोभेचा प्रश्न नव्हता. नंतर पावसाळ्यासाठी वेगळं वेळापत्रक आलं, गाड्यांचा वेग उतरवला, कड्यांना लोखंडी जाळ्या बसल्या, खिंडींचे उतार सौम्य केले, गस्त वाढली. आज पावसाळ्यात कोकणकन्या उशिरा पोचते म्हणून आपण कुरकुरतो, तो उशीर वैभववाडीने शिकवलेला आहे.

भीतीच्या जागी डोळे, साध्या जागी दुर्लक्ष: दिल्लीतही तेच झालं, असं माझं म्हणणं आहे. चावडी बाजाराच्या खाली, जुन्या दिल्लीच्या जीर्ण हवेल्यांच्या पायाखालून मेट्रोने बोगदा नेला तेव्हा भीती मोठी होती. वर भिंतींना तडा जातो का यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवलं. ते स्टेशन जमिनीखाली वीसहून अधिक मीटरवर आहे. त्या मानाने उन्नत मार्ग म्हणजे रस्त्याच्या मधोमध खांब, खांबांवर गर्डर, त्यावर रूळ. असे हजारो खांब दिल्लीभर उभे राहिले होते. शहराच्या दृष्टीने ते काम आता कौतुकाचंही उरलं नव्हतं.

पी-६७ मात्र त्या हजारांतला नव्हता. उन्नत मार्गाचा नेहमीचा खांब रुळांच्या बरोबर खाली असतो आणि माथा दोन्हीकडे सारखा पसरलेला असतो. भार सरळ खाली पायात जातो. पण खाली रस्ता वळतो, जमिनीत जलवाहिनी असते, गटार असतं, केबल असतात. अशा जागी खांब बाजूला सरकवावा लागतो आणि त्याच्या माथ्यातून एकाच बाजूला हात काढून त्यावर पूल टेकवावा लागतो. याला कॅन्टिलिव्हर म्हणतात. आपल्या घराचा सज्जा तोच: एक कड भिंतीत, दुसरी हवेत.

सज्जा ज्याने बांधलाय त्याला ठाऊक असतं की सळई वरच्या अंगाला टाकायची. हवेतली कड भाराने खाली झुकू बघते, तेव्हा वरचा पृष्ठभाग ताणला जातो आणि खालचा दाबला जातो. काँक्रीट दाबाला खंबीर, ताणाला अगदीच लेचंपेचं. ताण घ्यायचा तो सळयांनी. सळया कमी पडल्या, किंवा खांबाच्या गाभ्यात पुरेशा लांबवर रुतलेल्या नसल्या, किंवा त्यांना धरून ठेवणारं काँक्रीटच कमअस्सल निघालं, तर वरच्या अंगाला, हात जिथे खांबाला मिळतो तिथे, एक भेग दिसते. सुरुवातीला केसाएवढी. हीच भेग तिरपी होऊन आत उतरू लागली तर हात वाकत नाही, सरळ कापला जातो आणि त्या आधी फारशी सूचनाही देत नाही.

आणि पुलाला सगळ्यांत मोठा धोका गाड्या धावू लागल्यावर असतो, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात कित्येक पुलांची कसोटी बांधतानाच लागते. लाँचिंग गर्डर दोन खांबांवर टेकतो, त्या अंतरात बसणारे सगळे तुकडे एकामागून एक उचलून पोटाशी टांगून घेतो, त्यांच्या सांध्यांना इपॉक्सी लावतात, आतून पोलादी तारा ओवून जॅकने ताणतात. तारा ताणल्या गेल्या की सुट्या तुकड्यांची एक तुळई होते आणि आपलं वजन आपण पेलू लागते. तोवर सगळा बोजा सांगाड्यावर आणि सांगाड्याचा खांबांवर. मग सांगाडा सरकत पुढच्या खांबाकडे जातो. या सरकण्यात भार मध्यावर राहत नाही, कधी या टोकाला कधी त्या टोकाला येतो. काम बहुधा रात्री, कारण दिवसा खालचा रस्ता बंद ठेवता येत नाही. जमरूदपूरचा अपघात पहाटेचा का, याचं उत्तर यात आहे.

पी-६७ ला भेग आधीच दिसली होती. हे काही नंतर कोणी पत्रकाराने खणून काढलेलं नाही, मेट्रोनेच सांगितलं. काही महिन्यांपूर्वी ती लक्षात आली, तिथलं काम थांबलं, उपाय केले, आणि मग पुन्हा काम सुरू झालं.

माझ्या मते संपूर्ण प्रकरण या एका वाक्यात आहे. भेग दिसली नसती तर तो अज्ञानाचा अपघात झाला असता. भेग दिसून ती दडपली असती तर तो गुन्हा. इथे भेग दिसली, इंजिनिअरांनी दखल घेतली, कागद फिरले, उपाय झाला, आणि तरीही कोणी असं म्हटलं नाही की थांबा, या हाताचं गणित पहिल्यापासून पुन्हा मांडा. डागडुजी म्हणजे बांधकामातला दोष दुरुस्त करणं. आरेखनातच दोष असेल तर डागडुजी कशाची करणार? पण तशी शंका घ्यायची म्हणजे कंत्राटदाराच्या आरेखनकाराने केलेलं, दुसऱ्या सल्लागाराने तपासलेलं, मेट्रोच्या इंजिनिअरांनी मान्य केलेलं काम चुकलंय असं म्हणायचं. एका कागदावर तीन सह्या असल्या की प्रत्येकाला उरलेल्या दोघांचा आधार वाटतो. आणि भिंतीवर घड्याळ उलटं चालत होतं: ३ ऑक्टोबर २०१० ला राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा सुरू होणार होत्या आणि केंद्रीय सचिवालय ते बदरपूर हा मार्ग जवाहरलाल नेहरू स्टेडियमला जाणारा.

पहिल्या टप्प्याला ६५ किलोमीटरसाठी सात वर्षं लागली होती. दुसऱ्या टप्प्यात सव्वाशे किलोमीटर त्याहून कमी वेळात उरकायचे होते. ही मागणी अवाजवी आहे असं म्हणायची सोय मेट्रोने स्वतःच ठेवली नव्हती; इतकं चोख काम करून दाखवलं की पुढचं काम त्याहून चोख आणि त्याहून भरभर होणार हे सगळ्यांनी धरूनच टाकलं. धोक्याची घंटाही आधी वाजून गेली होती. १९ ऑक्टोबर २००८ ला, तोही रविवारच, पूर्व दिल्लीत लक्ष्मीनगरला सुमारे चारशे टनांचा, ३४ मीटर लांबीचा पुलाचा भाग उचलताना लाँचिंग यंत्रच कोसळलं आणि खालून जाणाऱ्या ब्लूलाइन बसवर पडलं. बसचा ड्रायव्हर आणि एक मजूर गेला. वेगळा कंत्राटदार, वेगळं कारण, म्हणून ते प्रकरण वेगळं ठरलं.

इशारा मिळूनही न थांबण्याचं परदेशातलं सर्वांत बोलकं उदाहरण कॅनडातलं आहे आणि तेही कॅन्टिलिव्हरचंच. सेंट लॉरेन्स नदीवर क्विबेकजवळ जगातला सर्वांत लांब गाळ्याचा पूल बांधायला घेतला होता. सल्लागार होते थिओडोर कूपर, अमेरिकेतले त्या काळचे पहिल्या फळीतले पूलतज्ज्ञ. गाळा आधी १,६०० फुटांचा ठरला होता, तो त्यांनी १,८०० केला. वजन वाढलं, पण मूळ गणितातलं वजन वेळेवर बदललं गेलं नाही. चूक ध्यानात आली तेव्हा बरंच पोलाद घडवून झालं होतं. कूपरनी विचार केला की पोलाद तेवढा जादा ताण सोसेल. प्रकृतीमुळे ते न्यूयॉर्क सोडत नव्हते आणि त्यांच्यावर देखरेख करील असं कोणी नव्हतं. एवढ्या मोठ्या माणसाचं काम तपासायला आणखी मोठा माणूस आणायचा कुठून? १९०७ च्या ऑगस्टमध्ये खालच्या तुळया वाकू लागल्या. साइटवरच्या तरुण इंजिनिअरने मोजमापं घेतली. कोणी म्हणालं, या आधीपासूनच वाकड्या असतील. तो शेवटी स्वतः न्यूयॉर्कला गेला. कूपरना गांभीर्य कळलं, भार वाढवू नका अशी तार त्यांनी केली, पण ती पुलाच्या साइटला नव्हे, कारखान्याला. त्या संध्याकाळी, २९ ऑगस्टला, पूल पडला आणि ७५ कामगार गेले. चौकशी कमिशनने नाव घेऊन दोष दिला. मग नव्या, भारदस्त आरेखनाने पूल पुन्हा बांधायला घेतला, तर १९१६ मध्ये मधला गाळा उचलताना निसटला आणि आणखी १३ जण गेले. जमरूदपूरच्या दुसऱ्या दिवशीच्या क्रेन आठवतात त्या इथे.

सिब्ली आणि वॉकर या अभ्यासकांनी १९७७ मध्ये दाखवलं होतं की असे गाजलेले पूल साधारण तीस तीस वर्षांच्या अंतराने पडत आलेत: १८४७ चा डी, १८७९ चा टे, १९०७ चा क्विबेक, १९४० चा टॅकोमा, १९७० चा मिलफर्ड हेवन. हेन्री पेट्रोस्की या अमेरिकन लेखक-इंजिनिअरने ही कल्पना लोकांपर्यंत नेली. एक पद्धत नवी असते तेव्हा लोक घाबरून, जपून बांधतात. मग ती अंगवळणी पडते. पुढची पिढी तीच पद्धत आणखी लांब, आणखी सडपातळ, आणखी स्वस्त करत नेते आणि पहिल्यांनी कशाला घाबरून काय केलं होतं ते विसरते. तीस वर्षांचं हे गणित मला फारसं पटत नाही, पाच ठिपक्यांतून कुठलीही रेघ काढता येते. विसरण्याचं कारण मात्र पटतं. दिल्लीला तीस वर्षं लागली नाहीत. अकरा वर्षांत तीच माणसं, तीच संस्था, पिढी न बदलता तिथे पोचली.

अपघाताच्या दिवशीच ७७ वर्षांच्या श्रीधरन यांनी पत्रकारांसमोर येऊन नैतिक जबाबदारी घेतली आणि राजीनामा दिला. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री शीला दीक्षित यांनी तो फेटाळला. राजीनामा मागे घेतला गेला आणि श्रीधरन २०११ च्या अखेरीपर्यंत पदावर राहिले. वर्तमानपत्रांना लालबहादूर शास्त्री आठवले. १९५६ मध्ये महबूबनगरच्या अपघातानंतर रेल्वेमंत्री म्हणून शास्त्रींनी राजीनामा दिला तो नेहरूंनी स्वीकारला नव्हता; अरियलूरनंतर दिलेला स्वीकारला. श्रीधरन यांच्या सचोटीबद्दल शंका घ्यायला जागा नाही, आणि ज्या देशात पूल पडल्यावर पहिला शब्द ‘चौकशी’ आणि दुसरा ‘पाऊस’ असतो तिथे हा राजीनामा उठून दिसला यात नवल नाही. तरीही माझी एक तक्रार आहे. त्या दोन दिवसांत बातमी खांबावरून उठली आणि माणसावर जाऊन बसली. ते जाणार की राहणार, हा प्रश्न झाला. ते राहिले, तेव्हा प्रश्न सुटल्यासारखं वाटलं. स्पर्धा परीक्षेच्या नीतिशास्त्राच्या तयारीत आजही हे उदाहरण हमखास येतं, पुण्यातल्या सदाशिव पेठेतल्या क्लासपासून दिल्लीच्या मुखर्जीनगरपर्यंत. त्याच अपघाताच्या चौकशीसाठी आयआयटी दिल्लीचे प्राध्यापक ए. के. नागपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली होती, तिचं नाव त्या मुलांतल्या कितींना ठाऊक असेल?

समितीने काही आठवड्यांतच निष्कर्ष दिला. खांबाच्या हाताच्या आरेखनात उणीव होती आणि काँक्रीटची ताकदही हवी तेवढी भरली नाही. म्हणजे वरची शंका, जी भेग दिसली तेव्हा घ्यायला हवी होती, तीच खरी निघाली. गणित आणि माल, दोन्हींत थोडी थोडी खोट. एकटं कोणतंही कारण कदाचित निभावून गेलं असतं. काँक्रीट कमअस्सल असलं तरी पुरेशा सळयांनी ते तारलं असतं. कंत्राटदार गॅमन इंडियाला नोटीस गेली, मेट्रोच्या काही अधिकाऱ्यांवरही कारवाई झाली, त्या मार्गावरच्या हात काढलेल्या इतर खांबांची पुन्हा तपासणी झाली. गॅमन हे नाव मुंबईकरांना परकं नाही. कंपनीची नोंदणी १९२२ ची, आणि तिच्या संस्थापकाच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक गेटवे ऑफ इंडियाचा पाया. प्रबलित काँक्रीटचं तंत्र या देशात रुजवणाऱ्यांपैकी एक कंपनी काँक्रीटच्या एका हातापाशी अडखळली.

मार्ग तर सुरू झाला, तोही स्पर्धांच्या दिवशीच. ३ ऑक्टोबर २०१० ला केंद्रीय सचिवालय ते सरिता विहार गाडी धावली आणि त्याच संध्याकाळी स्पर्धांचं उद्घाटन झालं. त्याच्या दोन आठवडे आधी नेहरू स्टेडियमजवळचा नवाकोरा पादचारी पूल बांधता बांधता कोसळून २७ जण जखमी झाले होते. ते काम मेट्रोचं नव्हतं. लष्कराच्या इंजिनिअरांनी काही दिवसांत तिथे बेली पूल टाकून दिला.

आपल्याकडची गोष्ट सांगायची तर ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्री समृद्धी महामार्गावर शहापूर तालुक्यात सरळांबे इथे लाँचिंग गर्डर कोसळला आणि २० जण गेले. जमरूदपूरच्या तिपटीहून जास्त. तेच यंत्र, तीच रात्रपाळी, आणि मुदतीचा तोच बोलबाला. जमरूदपूरवर कोणी मराठीत चार पानं लिहिली असती तर सरळांबे टळलं असतं असं म्हणायचा भाबडेपणा मी करणार नाही. पण एका साइटवरचं शहाणपण दुसऱ्या साइटवर आपोआप पोचत नाही. चौकशीचे अहवाल संबंधितांच्या कपाटात जातात, आणि नव्या साइटवर मुकादमापासून प्रोजेक्ट मॅनेजरपर्यंत सगळे ‘आजवर इतके गाळे टाकले, काही झालं नाही’ याच हिशेबाने चालतात.

जमरूदपूरमधून मेट्रोने काही घेतलं का, हे तपासायला लगेच संधी मिळाली. २३ फेब्रुवारी २०११ ला नवी दिल्ली स्टेशन विमानतळाला जोडणारी एअरपोर्ट एक्स्प्रेस सुरू झाली. बांधकाम मेट्रोचं, गाड्या आणि चालवणं खासगी कंपनीकडे. देशातली सर्वांत वेगवान मेट्रो म्हणून तिचा गाजावाजा झाला. वर्षभरातच उन्नत भागात गर्डर ज्या बेअरिंगवर टेकतात तिथे दोष दिसू लागले. गर्डर आणि खांब यांच्या मधली ही बेअरिंग म्हणजे अगदी लहान वस्तू, कोणी तिचा फोटो छापत नाही. आधी वेग कमी केला, आणि जुलै २०१२ मध्ये सरळ मार्गच बंद केला. यात माणूस एकही गेला नाही. सहा महिने रिकाम्या स्टेशनांचं भाडं, कर्जाचं व्याज आणि चेष्टा सोसून गर्डर एकेक करून तपासले गेले. ३६७ गर्डरांत दीड हजारांवर भेगा मोजल्या गेल्या. २२ जानेवारी २०१३ ला गाडी पुन्हा सुरू झाली, ताशी फक्त ५० किलोमीटरने. पी-६७ ला जे मिळालं नाही ते इथे मिळालं: थांबणं.

त्याचं कौतुक कोणी केलं नाही. उलट मेट्रो आणि ती खासगी कंपनी, दोन्ही पक्ष लवादात गेले. करारात एक कलम होतं की दोष दाखवल्यावर ९० दिवसांत त्याचं निवारण व्हायला हवं. निवारण म्हणजे काय, भेग बुजवणं की बुजवायला सुरुवात करणं, आणि सुरक्षा आयुक्तांनी गाडी चालवायला परवानगी दिली म्हणजे दोष गेला असं धरायचं का, यावर बारा वर्षं युक्तिवाद चालले. २०१७ मध्ये लवादाने मेट्रोला कंपनीला २,८०० कोटींच्या आसपास रक्कम द्यायला सांगितली, व्याजासह ती आठ हजार कोटींच्या घरात गेली, २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवाडा कायम केला आणि १० एप्रिल २०२४ ला त्याच न्यायालयाने क्युरेटिव्ह याचिकेत तो रद्द केला. हा अंतिम निकाल यायच्या काही महिने आधी, त्याच गर्डरांवरून, मेट्रोने गाडीचा वेग ताशी १२० किलोमीटरवर नेला होता.